अमेरिकेत पॅकचे ट्रेझरर झालात? पहिला चेक घ्यायच्या आधी हे वाचा

मला या विषयावर फोन येतात ते बहुतेक एकाच वेळी येतात, निवडणूक आयोगाला हिशोबाचा रिपोर्ट द्यायच्या तारखेच्या आदल्या रात्री. दहा-बारा मित्रमैत्रिणींनी मिळून पॅक, म्हणजे पोलिटिकल ॲक्शन कमिटी, निवडणुकीसाठी देणग्या गोळा करणारी समिती, काढलेला असतो, हिशोब चांगला येतो म्हणून एकाच्या गळ्यात ट्रेझररपद पडलेलं असतं, आणि फॉर्म उघडल्यावर कळतं की निम्म्या देणगीदारांचा एम्प्लॉयर कोण हे कुणी विचारलेलंच नाही. त्या रात्री कोणी काही सांगून फारसा उपयोग होत नाही. रिपोर्ट बिघडतो तो पैसे हातात घेतानाच, म्हणून सगळं त्याच क्रमाने लिहितोय.

हे आहे छोट्या, स्वतंत्र फेडरल पॅकसाठी, म्हणजे कुठल्याही कंपनीशी किंवा युनियनशी न जोडलेला, लोकांकडून देणग्या घेऊन हाउस-सिनेटच्या उमेदवारांना देणारा. सुपर पॅकचे (उमेदवाराला थेट न देता स्वतंत्र प्रचारावर खर्च करणाऱ्या पॅकचे) नियम काही बाबतीत वेगळे आहेत, ते जिथे लागतील तिथे सांगतो.

टप्पा १: हे काम एफईसीचं आहे का ते आधी बघा

फेडरल इलेक्शन कमिशन, म्हणजे एफईसी, फक्त प्रेसिडेंट, सिनेट आणि हाउसच्या निवडणुका बघतं. तुमच्या गावातला कुणी स्कूल बोर्डाला उभा आहे, टाउनशिप कमिटीला उभा आहे, स्टेट असेंब्लीला उभा आहे, तर ते राज्याचं काम. न्यू जर्सीत त्यासाठी इलेक्शन लॉ एन्फोर्समेंट कमिशन आहे, कॅलिफोर्नियात फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन, आणि प्रत्येकाच्या मर्यादा, फॉर्म, तारखा सगळं वेगळं. आपल्या लोकांचा ओढा बऱ्याचदा स्थानिक निवडणुकांकडे असतो आणि ते चुकून फेडरल पॅक काढून बसतात, म्हणून हे पहिलं.

दुसरी गोष्ट मंडळाची. आपली बहुतेक मराठी मंडळं ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्समाफी असलेल्या धर्मादाय संस्था आहेत. अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करायला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे मंडळ पॅक काढू शकत नाही, मंडळाची ईमेल यादी पॅकला फुकट देऊ शकत नाही, गणेशोत्सवाच्या स्टेजवरून पॅकसाठी पैसे मागू शकत नाही. मंडळाचे अध्यक्ष आपापल्या नावाने, स्वतःच्या खिशातून देणगी देऊ शकतात, पण मंडळाचं लेटरहेड, मंडळाचं खातं, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप यातलं काही वापरायचं नाही. पॅकचं नुकसान दंडावर भागेल, मंडळाचा मात्र टॅक्समाफीचा दर्जा जाऊ शकतो.

टप्पा २: माणूस, नंबर, बँक, फॉर्म, याच क्रमाने

१. आधी ट्रेझरर ठरवा आणि त्याच दिवशी असिस्टंट ट्रेझररही ठरवा. ट्रेझररची जागा रिकामी असेल तर पॅकला एक डॉलर घेताही येत नाही आणि खर्चताही येत नाही. मला माहीत असलेल्या एका पॅकचे ट्रेझरर नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेले, पासवर्ड त्यांच्याकडे, असिस्टंट नेमलेला नाही, आणि ऐन निवडणुकीच्या वर्षात सगळं काम थांबलं.

२. आयआरएसकडून (फेडरल टॅक्स खात्याकडून) ईआयएन, म्हणजे संस्थेचा टॅक्स नंबर, घ्या. पॅकच्या नावावर, स्वतःच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर नाही.

३. बँक ठरवा. इथे लोक अडकतात, कारण एफईसीच्या फॉर्म १ मध्ये, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये, बँकेचं नाव लागतं आणि बँक म्हणते आधी रजिस्ट्रेशन दाखवा. बँकेत जाऊन आधी बोलून घ्या, त्या बँकेचं नाव फॉर्म १ मध्ये लिहा, फॉर्म भरा, मग त्याची प्रत आणि ईआयएनचं पत्र घेऊन खातं उघडा.

४. फॉर्म १ भरा. कॅलेंडर वर्षात देणग्या किंवा खर्च १,००० डॉलरच्या वर गेले की १० दिवसांत हा फॉर्म भरावाच लागतो. पण तोपर्यंत थांबू नका, आधीच भरा. पॅकच्या नावात कुठल्याही उमेदवाराचं नाव घालायचं नाही. फॉर्म भरल्यावर सीने सुरू होणारा कमिटी आयडी मिळतो, तो सगळीकडे लागतो.

५. ईमेल पॅकच्या नावाचा ठेवा आणि दोघांना तो उघडता यायला हवा. एफईसीची पत्रं तिथेच येतात.

*तपासा:* ट्रेझरर, बँक, पत्ता, ईमेल यातलं काहीही बदललं की १० दिवसांत फॉर्म १ सुधारून भरायचा.

*सावधान:* खातं उघडेपर्यंत "तात्पुरतं माझ्या झेलवर (फोनवरून पैसे पाठवायची सोय) टाका" असं कुणालाही म्हणू नका. पॅकचे पैसे कुणाच्याही वैयक्तिक पैशात मिसळायला मनाई आहे, एक दिवससुद्धा.

टप्पा ३: देणगी घेताना काय लिहून घ्यायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी प्रत्येक देणगीसोबत एक कार्ड भरून घेतो आणि कार्डाशिवाय चेक घेत नाही, समोर कितीही जवळचा मित्र असला तरी. कार्डावर असतं: चेकवरचं नाही तर कायदेशीर पूर्ण नाव, घरचा पत्ता, तारीख, रक्कम, ऑक्युपेशन, एम्प्लॉयर, आणि "मी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, हे पैसे माझे स्वतःचे आहेत" याखाली सही.

कायदा काय म्हणतो ते आकड्यांत: ५० डॉलरच्या वरच्या देणगीसाठी नाव, पत्ता, तारीख आणि रक्कम यांची नोंद हवी. एका माणसाची कॅलेंडर वर्षातली बेरीज २०० डॉलरच्या वर गेली की ऑक्युपेशन आणि एम्प्लॉयरही हवा, आणि मग तो रिपोर्टमध्ये नावानिशी येतो. आता बघा, कुणी मार्चमध्ये १०१ दिले तेव्हा तुम्ही एम्प्लॉयर विचारला नाही, ऑगस्टमध्ये परत १०१ दिले, बेरीज २०२ झाली, आता त्याला शोधत फिरा. म्हणून सगळ्यांकडून सगळं पहिल्यांदाच घ्या. बरोबर २०० झाले तर मर्यादेच्या आत, २०० आणि एक सेंट झाला की वर. आणि १ जानेवारीला बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते. उमेदवाराच्या कमिटीची बेरीज निवडणुकीच्या सायकलप्रमाणे चालते, पॅकची कॅलेंडर वर्षाप्रमाणे, ही गल्लत खूप जण करतात.

ऑक्युपेशन म्हणजे काम, एम्प्लॉयर म्हणजे ज्याच्याकडे काम करता तो. "आयटी" एवढंच लिहून चालत नाही, "सॉफ्टवेअर इंजिनिअर" लिहा आणि पुढे कंपनीचं नाव. क्लायंटच्या ऑफिसात बसत असाल तरी पगार देणारी कंसल्टिंग कंपनी तीच एम्प्लॉयर. रिटायर्ड, गृहिणी, सेल्फ-एम्प्लॉइड हे चालतं, पण ते देणगीदाराने सांगायला हवं, तुम्ही अंदाजाने भरायचं नाही.

माहिती अपुरी राहिलीच तर देणगी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत एकदा तरी वेगळं विचारायचं, आणि त्या पत्रात परत देणगी मागायची नाही. विचारल्याचा पुरावा जपून ठेवा. फोनवर विचारलं असेल तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. याला एफईसी "बेस्ट एफर्ट्स" म्हणतं, आणि तो बचाव तुमच्या मूळ आवाहनातही ही माहिती स्पष्ट मागितलेली असेल तरच टिकतो. रिपोर्ट भरल्यानंतर माहिती आली तर ती पुढच्या रिपोर्टपर्यंत कळवायचीच.

तारखेबद्दल: देणगीची तारीख म्हणजे पॅकच्या माणसाच्या हातात पैसे आले तो दिवस, बँकेत भरल्याचा नाही. कुणी ३० डिसेंबरला पार्टीत चेक दिला आणि तुम्ही ५ जानेवारीला भरलात, तरी तो जुन्या वर्षात जातो. ५० डॉलरच्या वरची देणगी ज्याच्या हातात पडली त्याने ती १० दिवसांत ट्रेझररकडे पोचवायची, आणि ट्रेझररने त्यापुढच्या १० दिवसांत बँकेत भरायची. कार्डाने ऑनलाइन १०० डॉलर आले आणि पोर्टलने फी कापून ९६ पाठवले, तरी देणगी १०० चीच दाखवायची आणि ४ डॉलर खर्चात.

*तपासा:* दर रविवारी कार्डं आणि बँकेच्या नोंदी समोरासमोर ठेवा. कार्ड नसलेली एकही एन्ट्री दिसली तर त्याच दिवशी फोन.

टप्पा ४: कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत

आपल्या समाजात हा भाग नाजूक आहे, कारण नाही म्हणायचं ते ओळखीच्याच माणसाला.

एच-१बी, एल-१, एफ-१ व्हिसावर असलेल्या कुणाचेही पैसे चालत नाहीत, मग तो माणूस दहा-बारा वर्षं इथे राहत असो, टॅक्स भरत असो, ग्रीन कार्डच्या रांगेत असो. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचेही नाहीत. ते फुकट मदत करू शकतात, फोन करू शकतात, खुर्च्या लावू शकतात. पण कुठल्या उमेदवाराला किती द्यायचे या निर्णयात त्यांचा भाग असायला नको, त्यामुळे ज्या मीटिंगमध्ये हे ठरतं तिथे त्यांना बसवू नका. मनाला लागतं हे मला माहीत आहे, तरीही.

नवरा-बायकोचं जॉइंट खातं असेल तर ज्याची सही त्याची देणगी. व्यक्तीने पॅकला द्यायची मर्यादा वर्षाला ५,००० डॉलर. कुणी एकट्याच्या सहीने ८,००० चा चेक दिला तर जास्तीचे ३,००० दुसऱ्याच्या नावावर दाखवायला दोघांच्या सहीचं लेखी पत्र लागतं, नाहीतर ६० दिवसांत परत. आणि दुसरी व्यक्ती एच-१बीवर असेल तर तो मार्गच बंद.

धंद्याचा चेक आला की थांबा. कॉर्पोरेशनचे पैसे सरळ बंद, डॉक्टरांच्या पीसीचे (प्रोफेशनल कॉर्पोरेशनचे) पण. एलएलसी (लिमिटेड लायबिलिटी कंपनी) असेल तर ती टॅक्स कशी भरते ते लेखी विचारा: कॉर्पोरेशन म्हणून भरत असेल तर चालत नाही, पार्टनरशिप म्हणून भरत असेल तर रक्कम पार्टनरांच्या नावावर वाटून दाखवावी लागते, एकाच मालकाची असेल आणि कॉर्पोरेशनचा पर्याय घेतला नसेल तर त्या मालकाच्या नावावर. फेडरल सरकारशी थेट कॉन्ट्रॅक्ट असलेल्याचे पैसे पण नाहीत. सुपर पॅकला कॉर्पोरेशनचे पैसे चालतात, पण परदेशी नागरिक आणि फेडरल कॉन्ट्रॅक्टर यांचे त्यांनाही नाहीत, आणि सुपर पॅक उमेदवाराला थेट देणगी देऊ शकत नाही.

रोख १०० डॉलरपर्यंतच, निनावी रोख ५० पर्यंतच.

*सावधान:* "माझी मर्यादा संपली, भावाच्या नावाने देतो, त्याला मी पैसे देईन." हा फेडरल गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले दिनेश डिसूझा यांनी २०१४ मध्ये नेमक्या याच प्रकारात, दुसऱ्यांच्या नावाने देणगी दिल्याबद्दल, गुन्हा कबूल केला होता आणि त्यांना प्रोबेशनची शिक्षा झाली, २०१८ मध्ये त्यांना माफी मिळाली. असं वाक्य कानावर पडलं तर चेक तिथेच परत करा.

शंका असलेला चेक १० दिवसांत परत करा किंवा बँकेत भरा. भरलात तर खर्च करू नका, ३० दिवसांच्या आत खात्री करून घ्या, खात्री झाली नाही तर त्याच मुदतीत परत.

टप्पा ५: खर्चाची बाजू

सगळं चेकने किंवा पॅकच्या कार्डाने. पेटी कॅश ठेवलीत तर एका व्यवहारात एका माणसाला १०० डॉलरपर्यंतच. २०० डॉलरच्या वरच्या प्रत्येक खर्चाचं बिल किंवा रिसीट हवी.

उद्देश नीट लिहा. "मिसलेनियस", "अदर एक्स्पेन्सेस", "एक्स्पेन्स रीइम्बर्समेंट" हे एफईसीला चालत नाही. "केटरिंग", "सॅलरी", "ट्रॅव्हल" चालतं. "कंसल्टिंग" एकटं नको, "फंडरेझिंग कंसल्टिंग" असं हवं.

घरगुती कार्यक्रमात एक गोष्ट हमखास चुकते. कुणीतरी प्रेमाने स्वतःच्या पैशांनी ४०० डॉलरचं जेवण मागवतं, आणि ते हिशोबात येतच नाही. ती वस्तुरूप देणगी आहे, त्या माणसाच्या ५,००० मध्ये मोजायची, आणि रिपोर्टमध्ये जमा आणि खर्च दोन्हीकडे दाखवायची म्हणजे शिल्लक बिघडत नाही. स्वतःचा वेळ देणं मात्र देणगी नाही.

उमेदवाराला देताना: नव्या पॅकची मर्यादा २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि जनरल (नोव्हेंबरची मुख्य निवडणूक) वेगवेगळ्या. रजिस्टर होऊन ६ महिने झाले, ५० पेक्षा जास्त देणगीदार झाले आणि ५ फेडरल उमेदवारांना देऊन झालं की पॅक मल्टीकँडिडेट होतो, १० दिवसांत फॉर्म १एम भरायचा, आणि मग मर्यादा ५,००० होते. चेकवर "प्रायमरी" की "जनरल" ते स्पष्ट लिहा.

टप्पा ६: कॅलेंडर

दोन पर्याय: तिमाही किंवा मासिक. निवडणुकीच्या वर्षात तिमाहीवाल्यांचे रिपोर्ट १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि पुढच्या ३१ जानेवारीला. बिननिवडणुकीच्या वर्षात ३१ जुलै आणि ३१ जानेवारी. मासिकवाल्यांचा दर महिन्याच्या २० तारखेला, आणि वर्षअखेरचा ३१ जानेवारीला.

तिमाही सोपं वाटतं, पण त्यात एक खाच आहे. आधीच्या रिपोर्टमध्ये न आलेली देणगी तुम्ही कुठल्या प्रायमरीतल्या उमेदवाराला दिलीत तर त्या प्रायमरीच्या १२ दिवस आधी वेगळा रिपोर्ट लागतो, आणि प्रत्येक राज्याची प्रायमरी वेगळ्या तारखेला. चार राज्यांत उमेदवार असतील तर मासिकच घ्या, तारखा लक्षात राहतात. पर्याय वर्षातून एकदाच बदलता येतो, तोही लेखी कळवून.

जनरलच्या आधीचा रिपोर्ट १२ दिवस आधी आणि नंतरचा ३० दिवसांनी. २०२६ ची जनरल ३ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पहिला २२ ऑक्टोबरला, त्यात १४ ऑक्टोबरपर्यंतचा हिशोब, आणि दुसरा ३ डिसेंबरला, त्यात २३ नोव्हेंबरपर्यंतचा. मासिकवाल्यांना नोव्हेंबर-डिसेंबरच्या २० तारखांऐवजी हेच दोन.

*सावधान:* तारीख शनिवार-रविवारी आली तरी पुढे जात नाही. इलेक्ट्रॉनिक रिपोर्ट रात्री ११:५९ च्या आत पोचायला हवा, तेही ईस्टर्न टाइमने. कॅलिफोर्नियात म्हणजे ८:५९, बे एरियातली मंडळी इथे दरवर्षी फसतात. २०२५ मध्ये आयोगाचा कोरम (निर्णय घ्यायला लागणारी सदस्यसंख्या) गेला तेव्हाही तारखा चालूच होत्या. आणि काहीही व्यवहार झाला नसेल तरी शून्याचा रिपोर्ट भरायचा असतो.

वर्षात ५०,००० डॉलरच्या वर जमा किंवा खर्च असेल, किंवा जाईल असं वाटत असेल, तर इलेक्ट्रॉनिक फायलिंग सक्तीचं आहे, कागदावर पाठवलात तर न भरल्यासारखंच.

टप्पा ७: फॉर्म ३एक्स भरायचा क्रम

फॉर्म ३एक्स म्हणजे वरच्या तारखांना भरायचा तोच रिपोर्ट. वरून खाली भरत जाऊ नका, उलटं करा.

आधी बँक स्टेटमेंट आणि आपली नोंद जुळवा, न वटलेले चेक बाजूला लिहा. मग शेड्यूल ए: २०० च्या वर बेरीज गेलेले देणगीदार, आणि दुसऱ्या कमिटीकडून आलेली कुठलीही रक्कम. बाकी छोट्या देणग्या एकत्र. मग शेड्यूल बी: ज्याला वर्षात २०० च्या वर गेले तो प्रत्येक खर्च, आणि उमेदवाराला दिलेली प्रत्येक रक्कम, ती ५० डॉलर असली तरी. मग कर्ज शेड्यूल सीमध्ये, थकलेली बिलं डीमध्ये. ५०० डॉलरच्या वरचं बिल झालं त्याच काळात, छोटं असेल तर ६० दिवस थकल्यावर.

ओळी बघून घ्या: व्यक्तींच्या नावानिशी देणग्या ११(ए)(i), छोट्या एकत्र ११(ए)(ii), पॅक चालवायचा खर्च २१(बी), उमेदवारांना दिलेलं २३, व्यक्तींना परत केलेलं २८(ए). परत केलेली देणगी जमेतून वजा करून गुपचूप मिटवायची नाही, दोन्ही दाखवायच्या.

उमेदवाराशी काहीही न बोलता स्वतः जाहिरात केलीत तर ती शेड्यूल ईमध्ये आणि ओळ २४ वर, शिवाय तिचं वेगळं घड्याळ असतं: निवडणुकीआधीच्या २० व्या दिवसापर्यंत १०,००० डॉलर झाले की ४८ तासांत रिपोर्ट, शेवटच्या २० दिवसांत १,००० झाले की २४ तासांत.

*तपासा:* या रिपोर्टची सुरुवातीची शिल्लक आणि मागच्याची शेवटची शिल्लक सेंटसकट सारखी हवी. नसेल तर फाइल करू नका, फरक शोधा, जुना रिपोर्ट चुकला असेल तर तो सुधारून भरा.

मी रिपोर्ट तीन दिवस आधी तयार ठेवतो आणि असिस्टंटकडून पासवर्डसकट एकदा उघडून बघून घेतो. कारण दंडाविरुद्ध दाद मागताना आजारपण, अनुभव नसणं, कॉम्प्युटर किंवा इंटरनेट बंद पडणं, व्हेंडरने उशीर करणं, तारीख माहीत नसणं, यातलं एकही कारण एफईसी धरत नाही, नियमात तसं लिहिलेलंच आहे. दंड किती ते पॅकची उलाढाल, किती दिवस उशीर, निवडणुकीच्या तोंडावरचा रिपोर्ट होता का, आणि आधी किती वेळा चुकलात यावर ठरतं.

टप्पा ८: एफईसीचं पत्र आलं तर

त्याला आरएफएआय म्हणतात, म्हणजे रिपोर्टबद्दल जादा माहितीची मागणी. घाबरू नका, पण बाजूलाही ठेवू नका, ३५ दिवस मिळतात आणि मुदतवाढ नाही. फोनवर ॲनलिस्टशी बोला, ते खरंच मदत करतात, पण फोन म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर सुधारित रिपोर्टने किंवा फॉर्म ९९ ने द्यायचं, आणि ते सगळ्या जगाला दिसतं, तेव्हा मोजकं लिहा.

अजून एक, कारण हे मी आपल्याच लोकांना करताना बघितलंय: एफईसीच्या साइटवर आडनावं शोधायची, जोशी-कुलकर्णी-पाटील निवडून पत्ते काढायचे आणि त्यांना देणगीची पत्रं पाठवायची. रिपोर्टमधली व्यक्तींची माहिती देणगी मागायला किंवा धंद्याला वापरायला कायद्याने बंदी आहे. कमिट्यांना आपल्या रिपोर्टमध्ये १० पर्यंत बनावट नावं पेरायची परवानगी असते, ती याचसाठी, त्या नावावर पत्र गेलं की कुणी यादी उचलली ते कळतं.

पॅक बंद करताना

बँक खातं बंद केलं म्हणजे पॅक बंद झाला असं नाही. सगळी देणी फेडा, उरलेले पैसे मर्यादेत राहून द्या, मग फॉर्म ३एक्सवर टर्मिनेशनची खूण करून भरा, आणि एफईसीची मंजुरी लेखी येईपर्यंत रिपोर्ट भरत राहा. बँकेच्या व्याजाचं उत्पन्न १०० डॉलरच्या वर गेलं असेल तर आयआरएसचा ११२०-पीओएल (राजकीय संस्थांचा टॅक्स फॉर्म) त्या वर्षाचा भरलाय का ते बघा. कार्डं, चेकच्या प्रती, बिलं हे सगळं ज्या रिपोर्टमध्ये आलं तो भरल्यापासून ३ वर्षं ठेवायचं, आणि खोका कुणाच्या घरी आहे ते दोघांना माहीत असू द्या.